बिनचेहऱ्याच्या बडग्याचा तपास

"कसं हाय ज्योत्स्ना, देव काही लोकांले डोळे देते, काही लोकांले नजर देते. मले दोन्ही देल्लं. त्याच्यानं जिंदगीभर त्रास झाला."

एवढं बोलून बापूराव निकुरे ओट्यावर टेकले, ते नेमके गेरूच्या वाटीवर. पोळ्याचा दिवस होता. शेजारच्या सोनीबाईंनी बैलांची शिंगं रंगवायला गेरू कालवून वाटी तिथं ठेवली होती.

"काका, मागं जरा..." ज्योत्स्ना म्हणाली.

"मागं पाहाची आपली आदतच नाई. तपास नेहमी समोर चालते."

ज्योत्स्नानं पुढचं वाक्य गिळलं. बापूरावांची हयात भद्रावतीच्या कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डबे उघडून पाहण्यात गेली होती. त्या नोकरीत त्यांना भाकरी, भाजी आणि लोणचं यांपलीकडे काही सापडलं नाही. याचा अर्थ त्यांनी असा लावला होता की आपल्या धाकानं कोणाची काही न्यायची हिंमतच झाली नाही. निवृत्त होऊन ते चिचपेठला परतले, गेटवरची खाकी टोपी तेवढी डोक्यावर ठेवली, आणि गावातल्या प्रत्येक हरवलेल्या कोंबडीमागे कट शोधू लागले. कोंबड्या संध्याकाळी आपण होऊन घरी येत. बापूराव ती केस सुटली असं समजत.

या खेपेला हरवलेली वस्तू आपण होऊन घरी येण्यातली नव्हती. रामाजी गुरुजींचा बडग्या हरवला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, सकाळी गावाची रोगराई मारबत नावाच्या पुतळीच्या माथी मारून तिला शिवेवर जाळायचं, ही या भागातली जुनी रीत. तिच्यासोबत बडग्या काढायचा, म्हणजे गवताचा एक माणूस करून त्याच्या रूपानं कोणाची तरी खोड मिरवायची, ही नागपूरची रीत. ती चिचपेठेत आणली ज्योत्स्नाच्या वडिलांनी. रामाजी गुरुजी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायचे, आणि जुन्या प्रहसनांवर त्यांचा फार जीव होता. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या नाटकांतले भोंदू संन्यासी, रोग्याला मारून वर दक्षिणा मागणारे वैद्य, न्याय विकायला बसलेले न्यायाधीश, हे सगळे त्यांना शेजारपाजारच्या माणसांसारखे ओळखीचे होते. "त्या संन्याशाले नाटककारानं नुसतं संन्यासी म्हणून सोडलं, म्हणून तो मेला नाई," ते वर्गात सांगत. "त्याचा मठ अजून सुरू हाय. बाहेर पडा, दिसन."

बडग्यावरही ते कधी नाव लिहीत नसत. नाव लिहिलं की एक माणूस चिडतो आणि बाकीचं गाव सुटतं, असं त्यांचं म्हणणं. डोकं मडक्याचं. त्यावरचा चेहरा चुन्यानं आणि काजळानं, तोही मिरवणुकीच्या सकाळीच काढायचा, म्हणजे आदल्या दिवशी कोणी हातापाया पडायला येत नाही. आणखी एक नेम होता. बडग्याच्या अंगावर एखादी तरी वस्तू आपली स्वतःची पाहिजे. "आपलं त्यात काहीच नसन तर ती नुसती चुगली होते," गुरुजी म्हणत.

यंदाचा बडग्या त्यांनी उन्हाळ्यातच बांधून समाजमंदिराच्या माळ्यावर ठेवला होता. पांढरा कुरता, पोट पुढे, उजवा हात आशीर्वादासाठी कायमचा वर, डावा हात पाठीमागे पसरलेला. मडक्यावर काळा गॉगल. गॉगल गुरुजींचाच, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घातलेला. चेहरा काढायचा राहिला. आषाढात गुरुजी गेले.

ज्योत्स्ना चंद्रपूरला कॉलेजात शिकवायची. ती पोळ्याला चुना आणि काजळ घेऊन आली, माळ्यावर चढली, आणि माळा रिकामा होता.

सरपंच प्रणितभाऊंनी पर्याय तयारच ठेवला होता. मिरवणूक थांबणार नव्हती. पंचायतीतर्फे एक भलामोठा डास बनवून झाला होता. त्याच्या पोटावर 'डेंग्यूमुक्त चिचपेठ', आणि ट्रॅक्टरला बांधलेल्या फ्लेक्सवर 'विनोदसम्राट कै. रामाजी गुरुजी स्मृती बडग्या'. खाली हात जोडलेले प्रणितभाऊ. "कोणाचं मन दुखाले नको," ते म्हणाले होते. डास हा टीकेसाठी फार सोयीचा प्राणी. त्याला नातेवाईक नसतात, मतदारसंघ नसतो, आणि तो अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही. उद्या सकाळपर्यंत बडग्या सापडला नाही, तर बाबांच्या नावानं शिवेवर डास जळणार होता. तेरवीला आलेल्या लोकांची भाषणं ज्योत्स्नानं मुकाट्यानं ऐकली होती; हे खपवून घ्यायची तिची तयारी नव्हती.

म्हणून तिनं बापूरावांना तपास करू दिला. गावात दुसरा गुप्तहेर नव्हता. खरं तर पहिलाही नव्हता.

समाजमंदिरात माळ्याखाली गवताच्या काड्या सांडल्या होत्या. बापूरावांनी एक उचलली, हुंगली, चावून पाहिली.

"वाघ," ते म्हणाले.

"काका, वाघ गवत खात नाई."

"म्हणूनच त्याच्यावर कोणाचा शक जात नाई."

"आणि माळ्याले शिडी लावलेली हाय, ते?"

बापूराव शिडीकडे पाहत राहिले. मुद्दा अडचणीचा होता. "तर मंग बिबट," ते म्हणाले, आणि बाहेर पडले. बिबट्याला शिडी लागत नाही, हे सांगायला ज्योत्स्नाला त्यांच्यामागे धावावं लागलं. तोपर्यंत त्यांनी जंगली जनावरांना संशयातून मोकळं करून माणसांकडे मोर्चा वळवला होता. पहिला माणूस दिनेशभाऊ, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष.

रस्ता सोनीबाईंच्या धानाच्या वावरावरून जात होता. बांध्यांच्या पार पलीकडे, वावराच्या कडेच्या धुऱ्यावर, पांढऱ्या कुरत्यातलं कोणी तरी काळा गॉगल लावून उभं होतं. बापूरावांनी दुरूनच हात उंचावला.

"रामराम, प्रणितभाऊ." मग ज्योत्स्नाकडे वळून, "पाहणी सुरू हाय. डुकरं धान नासवून राह्यले ना. काल बी इथंच उभे होते. मेहनती आदमी हाय."

ज्योत्स्नानं ओझरतं पाहिलं आणि मान फिरवली. त्या माणसाचं तोंड आज पाहायचं तिच्या जिवावर आलं होतं.

दिनेशभाऊंच्या नावामागे डॉक्टर लागायचं. कशाचे, असं एका शिक्षकानं एकदा विचारलं होतं. त्याची बदली अशा शाखेत झाली होती जिथं पावसाळ्यात नावेनं जावं लागायचं. त्यांनी ज्योत्स्नाला खुर्ची दिली, बापूरावांनी दुसरी घेतली.

"बडग्या ना? तो तं प्रणितचा होता," दिनेशभाऊ खुशीत म्हणाले. "हात वर, पोट पुढं. शेंबडं पोरगं बी ओळखन. सापडलाच पाहिजे. माहं पूर्ण सहकार्य हाय."

"तुमच्यावर कधी बडग्या निघाला होता काय?" बापूरावांनी भुवई उचलून विचारलं.

"माह्यावर? गुरुजी मले लय मानत."

ज्योत्स्नाला एक बडग्या आठवला. त्याच्या धोतराला शिवलेल्या पदव्यांच्या गुंडाळ्या, कपाळावर परीक्षेचा शिक्का. त्या वर्षी पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त टाळ्या दिनेशभाऊंनीच वाजवल्या, आणि स्टेजवर येऊन गुरुजींना शाल पांघरली. गुरुजींनी पुढच्या वर्षी ती शाल बडग्याला पांघरली. दिनेशभाऊंनी त्याही वर्षी टाळ्या वाजवल्या.

उठताना बापूरावांची नजर आपल्याच खुर्चीवर पडली. तिथं लाल डाग होता. बाहेर येईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला.

"रक्त," ते कुजबुजले. "त्या खुर्चीवर कोणी तरी जखमी माणूस बसला होता."

"हो काका," ज्योत्स्ना म्हणाली. "आत्ताच उठला."

पंचायतीत प्रणितभाऊ पंख्याखाली चहा पीत होते. कुरता कडक इस्त्रीचा, बूट पांढरेशुभ्र.

"घ्या, आमच्या आधी तुम्ही येऊन पोचले," बापूराव कौतुकानं म्हणाले. "आत्ता तं वावरात उभे होते."

प्रणितभाऊंचा कप मधेच थांबला. ते बापूरावांकडे पाहत राहिले, मग चेहऱ्यावर हळूहळू एक थकवा पसरला.

"लोकांसाठी उभं राहा लागते, बापूराव," ते म्हणाले. "सकाळपासून सारेच म्हणून राह्यले, भाऊ तुम्ही उन्हात दिसले, उन्हात दिसले. मी म्हणलं, ऊन पाहून लोकसेवा होत नाई."

ज्योत्स्नानं त्यांचे बूट पाहिले. बापूरावांनीही पाहिले आणि तिला कोपरानं ढोसलं. "चिखलातून चालून आला, पण डाग नाई. याले म्हणते सराव."

बडग्याचा विषय निघताच प्रणितभाऊ हसले. "दिनेशभाऊचा होता तो. मागं पसरलेला हात नाई पाहाला? पण ताई, खरं सांगतो, गुरुजींचा विनोद म्हणजे विनोद. इतकी वर्षं झाली, कोणाले लागला नाई."

त्यांनी हे सर्वांत मोठी स्तुती म्हणून म्हटलं होतं. ज्योत्स्नाला बाबांची नाटकं आठवली. जुन्या प्रहसनांचंही असंच झालं असणार. पहिल्या रांगेत राजा. तो न्यायाधीशावर हसतो, न्यायाधीश वैद्यावर, वैद्य संन्याशावर, आणि पडदा पडला की सगळे एकाच पंगतीला जेवायला बसतात. तिनं हे एकदा बाबांना विचारलं होतं. कोणाला लागतच नाही तर कशासाठी करायचं? ते बांबू तासत होते. "हसताना माणूस तोंड उघडते," ते म्हणाले होते. "कधी तरी काही आत जाईन." कधी तरी म्हणजे केव्हा, ते त्यांनी सांगितलं नाही. आता त्यांच्या वाट्याला एकच सकाळ उरली होती, आणि तीही डासाला दिली जात होती.

इथल्याही खुर्चीवर लाल डाग उमटला होता. ओट्यावर परत येईपर्यंत बापूरावांचा निष्कर्ष पक्का झाला. जखमी माणूस दोन्हीकडे बसला, म्हणजे दोघं मिळालेले. पण दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, म्हणजे मिळालेले नाहीत. म्हणजे तिसरा कोणी. त्यांनी बराच वेळ ज्योत्स्नाकडे पाहिलं.

"तूच," ते म्हणाले.

"मी?"

"बडग्याले गुरुजीचा गॉगल हाय. तुले तो जाळाचा नाई. म्हणून तू लपवला. बेटा, गेटवर मी लय डबे पाहाले. ज्याच्यात काही असते, तो डबा घट्ट लावलेला असते."

बापूराव आयुष्यात पहिल्यांदा एका खऱ्या गोष्टीच्या इतके जवळ आले होते, आणि तेही चुकून.

"वाटलं होतं, काका," ज्योत्स्ना म्हणाली. "गॉगल काढून ठेवावा असं वाटलं होतं. पण डास निघण्यापेक्षा तो जळलेला बरा."

बापूरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मंग केस अवघड हाय," ते हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात सोनीबाई आल्या. "माह्या वाटीतला गेरू कोण नेला? एका बैलाची शिंगं झाली, दुसरा तसाच उभा हाय."

"दुसरी चोरी," बापूराव सावध झाले.

"बापूराव, जरा फिरा बरं तुम्ही."

बापूराव फिरले.

"अख्खा गेरू बुडाले लावून गावभर हिंडून राह्यले," सोनीबाई म्हणाल्या. "कायचा तपास सुरू हाय?"

"बडग्याचा," ज्योत्स्ना म्हणाली. "चोरीले गेला."

"चोरीले काऊन जाईन? माह्या वावरात उभा हाय ना."

बापूराव गर्रकन परत फिरले. सोनीबाईंना त्यात नवल काय, ते कळेना. "जेठात मी गुरुजीले म्हणलं, डुकरं धान ठेवत नाई, एक बुजगावणं करून द्या. ते म्हणले, दोन कायले करू, बडग्याच घेऊन जा, पाडव्याच्या सकाळी आणून द्या. म्हणे, त्याले बी एकदा उन्हात उभं राहून पाहू द्या. मंग गुरुजी गेले, मी धानाच्या रोवणीत गुतली. आता नेला. भर दुपारी बंडीत घालून नेला, कोणापासून लपवला नाई. बापूराव, पाय तं तुम्हीच धरले होते."

बापूरावांनी घसा साफ केला. "तवा केस सुरू झाली नव्हती," ते म्हणाले. "आणि त्याच्यावर ताडपत्री होती. मले वाटलं, गुराचं तणीस हाय."

"मग डुकरं येत नाई आता?" ज्योत्स्नानं विचारलं.

"पहिल्यांदा भेली. मंग त्याहिले समजलं का हा हात वर करून नुसता उभा राहते, करत काई नाई. आता त्याच्याच सावलीत लोळतात. माणसं मात्र येता-जाता रामराम घालून राह्यली. टोल्याच्या वस्तीतला वारलू तं त्याच्यापुढं उभा राहून रस्त्याचं पूर्ण गाऱ्हाणं सांगत होता. मले म्हणे, भाऊनं एकदाबी मधात तोडलं नाई, सारं ऐकून घेतलं. असा सरपंच पाहाला नाई."

ज्योत्स्ना हसली नाही. तिनंही आज त्याला पाहिलं होतं. बाबांचा गॉगल, बाबांनी बांधलेला हात. आणि तिरस्कारानं मान फिरवली होती.

"सोनीबाई," ती म्हणाली, "उद्या बंडी सरळ चौकात आणा. तोपर्यंत कोणाले सांगू नका. काका, तुम्ही बी."

"मी गुपित ठेवण्यातच म्हातारा झालो," बापूराव म्हणाले. ते खरं निघालं, कारण त्यांना रात्री लवकर झोप लागली.

पाडव्याच्या सकाळी चौकात सगळं गाव जमलं. ट्रॅक्टरवर डास होता. स्टेजवर प्रणितभाऊ माइक धरून उभे होते, शेजारी दिनेशभाऊ जांभई दाबत बसले होते.

"गुरुजींनी आपल्याले हसवलं, पण कोणाले दुखवलं नाई," प्रणितभाऊ म्हणाले. "त्याहिच्याच आदर्शावर आपण चालून राह्यलो. डुकरांनी धान नासवलं, तवा कोण धावलं? मी स्वतः वावरात उन्हात उभा राह्यलो. तुम्ही पाहालं का नाई?"

"पाहालं," लोक म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

"माहं सारं ऐकून घेतलं भाऊनं," वारलू पुढे होऊन म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता.

तेव्हा बंडी चौकात आली. बैलांची एक जोडी, त्यातल्या एकाचीच शिंगं लाल. बंडीत बडग्या उभा. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, पोट पुढे, एक हात वर, एक मागे, डोळ्यांवर गॉगल. चेहरा नाही. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी सवयीनं हात जोडले, मग ते खाली घ्यावेत की तसेच ठेवावेत, हे त्यांना समजेना.

वारलूनं बडग्याकडे पाहिलं. मग स्टेजकडे. मग परत बडग्याकडे.

"भाऊ," त्यानं विचारलं, "मंग वावरात कोण होतं?"

पहिल्यांदा हसले ते दिनेशभाऊ. खुर्चीत मागे रेलून, पोट धरून. प्रणितभाऊंनी त्यांना हसताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. वावरात बडग्या होता म्हणावं, तर आत्ताचं भाषण खोटं ठरत होतं. त्यांनी माइक तोंडाजवळ धरला.

"मीच होतो," ते ठासून म्हणाले. "वावरात मीच होतो."

ज्योत्स्ना बंडीवर चढली होती. तिचं बोट काजळात बुडालेलं होतं. तिनं ते हळूच पुसलं आणि डबी बंद केली. काढायचं काही उरलं नव्हतं.

मग लोक हसले. दरवर्षी हसताना जो तो शेजाऱ्याकडे पाहायचा. आज सगळ्यांचे डोळे एकाच जागी होते. दिनेशभाऊंचं हसू थांबेना, तेव्हा सोनीबाई बैलांची दोरी सांभाळत म्हणाल्या, "दिनेशभाऊ, वरचा हात त्याहिचा हाय. मागचा तुमचा."

दिनेशभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. काही आत गेलं की नाही, हे सांगता येत नाही.

शिवेवर मारबतीशेजारी बडग्याला उभं केलं. ज्योत्स्नानं गॉगलला हात लावला, तो सरळ केला, आणि तिथंच ठेवला. मग स्वतःची ओढणी काढून बडग्याच्या गळ्यात बांधली.

"काका, तुमची टोपी."

"माही काऊन?"

"रामराम तुम्ही घातला. मी मान फिरवली. आपलं बी काही पाहिजे त्यात."

"अवं, ते पुरावा हाय."

"कशाचा?"

बापूरावांनी विचार केला. त्यांच्या आयुष्यात असे प्रसंग थोडे. मग त्यांनी टोपी काढली, आतून झटकली, आणि स्वतःच मडक्यावर चढवली. बायका ओरडल्या, "घेऊन जा गे मारबत." गवत ओलसर होतं, आधी नुसता धूर झाला. मग एकदम पेटलं. वर केलेला हात सगळ्यात शेवटी पडला.

डास तसाच उरला. तो थर्माकोलचा होता, जाळू नका असं शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, आणि ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला हवा होता. वावर पुन्हा मोकळं झालं म्हणून सोनीबाईंनी डास बंडीत घातला.

पंधरवड्यानं चंद्रपूरला ज्योत्स्नाचा फोन वाजला.

"बडग्याची केस आपण सोडवली, हे कॉलेजात सांगत जाय," बापूराव म्हणाले. "आणि प्रणितभाऊबद्दल आपण उगीच गैरसमज केला बरं. आदमी सुधारला. आज बी सोनीबाईच्या वावरात उभा होता. मी रामराम केला, त्यानं हात वर केला."

"काका, तो डास हाय."

"मले वाटलंच," बापूराव म्हणाले. "म्हणलं, एका माणसाले एवढे हात कसे."